एसा हिलियर्ड यांची साक्ष

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात 'भारतीय ज्ञानप्रणाली' आल्यापासून मानसशास्त्राच्या चर्चासत्रांत एक वाद हटकून निघतो आणि दर वेळी तो तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. एका बाजूचे म्हणणे असे, की विज्ञानाला देश नसतो आणि वंशही नसतो. रक्तदाब जसा सगळीकडे एकाच यंत्राने मोजतात तसे मनही मोजावे, आणि म्हणून 'आफ्रिका-केंद्री मानसशास्त्र' (म्हणजे आफ्रिकी परंपरेच्या पायावर उभारलेले) काय किंवा 'भारतीय मानसशास्त्र' काय, हे शब्दप्रयोग म्हणजे वदतोव्याघात होत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की आजचे मानसशास्त्र हा वसाहतवादाचा वारसा आहे, आमचे मन आमच्याच परंपरेला उमगते, आणि तिची परीक्षा बाहेरच्या कसोट्यांनी घेणे हाच मुळी अपमान आहे. दोन्ही बाजू अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांचा दाखला देतात. पहिली बाजू विज्ञानाच्या घसरणीचे उदाहरण म्हणून, दुसरी स्वतःच्या भूमिकेचा आधार म्हणून. त्या अभ्यासकांनी प्रत्यक्षात काय केले, कोणासमोर केले आणि त्यातले काय टिकले, याची चौकशी मात्र कोणीच करताना दिसत नाही.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. 'ही मोजपट्टी कोणाची, ती कोणावर बेतलेली आहे आणि ती लावून कोणाचे काय होते?' हा प्रश्न अस्मितेचा असू शकतो, पण तो आधी शास्त्रीय प्रश्न आहे, आणि तो बहुधा त्यालाच सुचतो ज्याच्या अंगावर ती पट्टी ओढली गेलेली असते. प्रश्न सुचण्याची ही जागा स्थानिक असते. उत्तर पारखण्याची जागा मात्र सर्वांना खुली असावी लागते. अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ एसा हिलियर्ड यांच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टींचा पुरावा मिळतो. त्यांचे जे काम प्रतिपक्षालाही मान्य करावी लागेल अशा कसोटीवर उभे राहिले ते आजही भक्कम आहे, आणि जिथे त्यांनी ती कसोटी सैल होऊ दिली तिथे त्यांचेच कार्य दुबळे झाले. एकाच माणसाबद्दल ही दोन्ही विधाने करणे म्हणजे त्याचा अनादर करणे होय, असे मी मानत नाही.

हिलियर्ड यांचा जन्म २२ ऑगस्ट १९३३ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे, शिक्षकी परंपरेच्या घरात झाला. डेन्व्हर विद्यापीठातून १९५५ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेऊन ते त्याच शहरातील सार्वजनिक शाळांत शिकवू लागले आणि १९६३ मध्ये त्याच विद्यापीठातून शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन सॅन फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठात गेले. तिथे ते शिक्षणशास्त्र शाखेचे अधिष्ठाता झाले. मधली काही वर्षे त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात काढली आणि मन्रोव्हियातील शाळांच्या व्यवस्थेत काम केले. १९८० पासून अखेरपर्यंत ते अटलांटातील जॉर्जिया राज्य विद्यापीठात शहरी शिक्षणाचे प्राध्यापक होते. घानामध्ये त्यांना पारंपरिक मुखियाचा मान देऊन नाना बाफूर अमानक्वातिया द्वितीय हे नाव देण्यात आले. अध्यापक, परीक्षणतज्ज्ञ, इतिहासाचा प्रचारक आणि समाजाचा वडीलधारा अशा चार भूमिका एकाच माणसाने निभावल्या. त्यांच्याविषयीचा गोंधळ बराचसा यातूनच होतो, कारण टीकाकार चौथ्या भूमिकेवर बोट ठेवून दुसरी बाद करतात आणि भक्त दुसरीच्या पुण्याईवर तिसरी खपवतात.

ही पट्टी कोणाची, असे विचारण्याची वेळ का आली हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८५१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग असतो असे प्रतिपादन केले आणि त्या रोगाला ग्रीक धाटणीचे भारदस्त नावही दिले. पळून जाण्याची इच्छा ज्याला रोग वाटते, त्याच्या निरोगीपणाच्या कल्पनेचा केंद्रबिंदू कुठे आहे हे सांगायला हवे का? पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सुमारे साडेसतरा लाख जवानांची बुद्धिचाचणी घेतली. त्या आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिघम यांनी १९२३ मध्ये वंशांची उतरंड मांडली आणि १९३० मध्ये ती स्वतःच जाहीरपणे मागे घेतली. दरम्यान होरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने त्याच लष्करी आकड्यांतून दाखवून दिले होते, की उत्तरेकडील काही राज्यांतील कृष्णवर्णीयांचे गुण दक्षिणेकडील काही राज्यांतील गोऱ्यांपेक्षा अधिक आहेत; म्हणजे चाचणी वंश मोजत नसून शाळा मोजत आहे. आकडे तेच आणि गणितही तेच होते, पण प्रश्न विचारणारा बदलला आणि अनुमान उलटे झाले. फ्रान्सिस सेसिल समनर हे १९२० मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, १९६८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. मूळ राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, वंशवादाला हातभार लावल्याबद्दल अधिकृत क्षमायाचना केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.

ज्यांना हा सगळा भूतकाळ वाटतो त्यांच्यासाठी अलीकडचा एक आकडा देतो. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये याच संघटनेच्या प्रमुख नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा अभ्यासासाठी वापरलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाले आणि त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. रक्तदाबाच्या यंत्राची उपमा इथेच कोसळते. रक्तदाबाचे यंत्र कुठेही बनवले तरी पाऱ्याची उंची बदलत नाही. बुद्धीच्या चाचणीतला प्रत्येक प्रश्न मात्र कोणत्या तरी भाषेत, कोणत्या तरी घराच्या ओसरीवर घडलेला असतो.

आता हिलियर्ड यांच्या साक्षीकडे येतो, कारण माझ्या युक्तिवादाचा गाभा तिथे आहे. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील काही कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्याविरुद्ध संघराज्य न्यायालयात एक खटला दाखल झाला. तो 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स' या नावाने ओळखला जातो. बुद्ध्यंक ७५ च्या खाली आला म्हणून या मुलांना त्या काळच्या भाषेत 'शिकवण्याजोगे मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकले होते. त्या वर्गांतून नेहमीच्या वर्गात परतण्याची वाट जवळजवळ नव्हतीच, कारण तिथला अभ्यासक्रमच मुलांना मुख्य शिक्षणापासून दिवसेंदिवस दूर नेणारा होता. राज्याच्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले सुमारे १० टक्के होती आणि या वर्गांत मात्र सुमारे २५ टक्के. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी तक्रारदार मुलांची पुन्हा चाचणी घेतली. त्यांनी मुलांशी आधी ओळख करून घेतली, त्यांची धास्ती घालवली, काही प्रश्न त्यांच्या परिचयाच्या शब्दांत विचारले आणि पुस्तकातले नसले तरी समंजस असलेले उत्तर ग्राह्य धरले. प्रत्येक मूल ७५ च्या वर गेले. या खटल्यात चाचण्यांची वैधता (म्हणजे जे मोजायचे तेच त्या मोजतात का) आणि पक्षपात यांविषयी तज्ज्ञ म्हणून ज्यांनी साक्ष दिली त्यांत हिलियर्ड होते. न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी ऑक्टोबर १९७९ मध्ये निकाल दिला, की कृष्णवर्णीय मुलांना या वर्गांत घालण्यासाठी या चाचण्या वापरता येणार नाहीत, कारण त्या कामासाठी त्यांची वैधता कोणी सिद्धच केलेली नाही. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याच्या मुद्द्यावर तो निकाल कायम ठेवला.

या निकालपत्रातील एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. मुलगे आणि मुली यांच्या गुणांत सरासरी फरक पडत होता, तेव्हा चाचणीकर्त्यांनी प्रश्नांची निवड बदलून तो फरक पुसून टाकला, कारण दोन्ही लिंगांची बुद्धी सारखी असते हे त्यांचे गृहीतकच होते. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांत फरक पडला तेव्हा मात्र प्रश्न बदलले गेले नाहीत. फरक खरा मानला गेला. मोजण्याआधीच काय सापडावे हे जिथे ठरलेले असते, तिथे 'विज्ञानाला वंश नसतो' हे वाक्य नेमके कोणाला ऐकवायचे?

प्रतिपक्षाचे मुद्दे हलके नाहीत, आणि आफ्रिका-केंद्री विचाराचे समर्थक ते टाळतात हे मला खटकते. पहिला मुद्दा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी १९८० मध्ये तपशीलवार मांडला: या चाचण्या शाळेतील यशाचे भाकीत गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी जवळपास सारख्याच अचूकतेने करतात, मग त्या पक्षपाती कशा? दुसरा मुद्दा: प्रश्नांची शब्दरचना बदलून घेतलेली चाचणी ही प्रमाणित चाचणी उरतच नाही, त्यामुळे त्या फेरतपासणीचे गुण तुलनेला घेता येत नाहीत. तिसरा मुद्दा न्यायालयातूनच आला. १९८० मध्ये शिकागोतील न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी जवळजवळ तशाच एका खटल्यात चाचण्यांतला एकेक प्रश्न आपल्या निकालपत्रात उतरवून काढला आणि मोजकेच प्रश्न संशयास्पद ठरवून उरलेली चाचणी निर्दोष मानली. चौथा मुद्दा सर्वांत बोचरा आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बंदी इतकी रुंदावली, की विशेष शिक्षणाच्या कोणत्याही कारणासाठी कृष्णवर्णीय मुलाची बुद्ध्यंक चाचणी घेणे अशक्य झाले. आपल्या मुलाची अडचण समजून घ्यावी म्हणून एका आईने स्वतः मागणी केली तरी मुलाच्या वंशामुळे ती नाकारली गेली. वंशभेद रोखण्यासाठी आलेला आदेश वंश पाहून दार बंद करू लागला आणि १९९२ मध्ये ती वाढीव बंदी न्यायालयाला मागे घ्यावी लागली; १९९४ मध्ये अपील न्यायालयानेही ते कायम ठेवले. शिवाय चाचणी गेली तरी विशेष वर्गांतील कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही.

चौथा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. मोजपट्टी सदोष आहे हे सिद्ध झाल्यावर तिला हात लावायलाच मनाई करणे हा उपाय नव्हता, आणि पट्टीमागे उभ्या असलेल्या शाळेला तर त्या बंदीने धक्काही लागला नाही. पण उरलेल्या तिन्ही मुद्द्यांत एक समान चूक आहे. जेन्सन यांचे भाकीत अचूक का निघते? चाचणी ज्या भाषेत आणि ज्या सवयींत मुलाला तोलते, त्याच भाषेत आणि सवयींत शाळा त्याला गुण देते. एकाच कापडाचे दोन तुकडे एकमेकांशी जुळले तर ते कापड निर्दोष आहे हे कसे सिद्ध होते? मूल शाळेत मागे पडेल हे भाकीत खरे ठरले म्हणून त्याला न शिकवणाऱ्या वर्गात टाकणे योग्य ठरत नाही. हिलियर्ड यांचा आग्रह नेमका इथे होता: चाचणीचा आकडा वापरून शिकवलेल्या मुलाचे भले झाले का, याचा पुरावा दाखवा, तो नसेल तर चाचणी कितीही स्थिर असली तरी शिक्षणाच्या कामाची नाही. हा आग्रह काही 'आफ्रिकी तर्कशास्त्रा'तून आलेला नव्हता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात नोकरीच्या चाचण्यांबाबत हेच म्हटले होते, की जी चाचणी प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवू शकत नाही आणि एका समाजाला सरसकट बाहेर ठेवते, ती वापरता येणार नाही. ग्रेडी यांच्याविषयी एवढेच म्हणता येईल, की प्रश्न वाचून तो कोणाला परका वाटेल हे एका गोऱ्या न्यायाधीशाने स्वतःच्या अंदाजाने ठरवणे ही पद्धत शास्त्रीय नव्हतीच. त्यांनाही खटकलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता: तुझ्याहून खूप लहान मुलगा तुझ्याशी भांडू लागला तर तू काय करशील? ज्या गल्लीत मार खाणे किंवा देणे हे दोनच पर्याय असतात, तिथल्या मुलाचे उत्तर चूक ठरवताना आपण त्याची बुद्धी तपासतो की त्याची गल्ली?

हे मराठी वाचकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिचाचणीची टर्मन यांनी केलेली अमेरिकी आवृत्ती इथे जशीच्या तशी लावता येत नाही, हे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच ओळखले आणि मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी तिची मुंबई-कर्नाटक आवृत्ती तयार केली. 'बिने-कामत' या नावाने ती आजही वापरली जाते. १९६० च्या दशकात आर्थर मॅलिन यांनी नागपुरात राहून वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. कामत आणि मॅलिन यांना कोणी विज्ञानात अस्मिता घुसवल्याचा दोष दिला नाही, आणि देणे चूकच ठरले असते. मग मुंबई इलाख्यातील मुलासाठी जे रूपांतर शास्त्रीय शिस्त ठरते, तेच सॅन फ्रान्सिस्कोतील कृष्णवर्णीय मुलासाठी मागितले की भावनिक आक्रोश कसे ठरते? फरक एवढाच, की भारतीय मूल परके आहे हे चटकन दिसते. एकाच शहरातले, वरवर एकच भाषा बोलणारे मूलही चाचणीला परके असू शकते, हे मान्य करायला कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांची एक पिढी खर्ची पडली. आपल्याकडेही प्रमाण मराठीत प्रमाणित झालेली चाचणी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला लावली जाते तेव्हा हाच प्रश्न दारात उभा असतो.

हिलियर्ड संकुचित होते का? माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत कमी चर्चिलेला भाग याचे उत्तर देतो. चाचणी नको म्हणून ते थांबले नाहीत. काय हवे हे शोधत गेले आणि त्यांना ते रूव्हेन फॉयरस्टाइन यांच्याकडे सापडले. फॉयरस्टाइन हे रोमेनियात जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धातून वाचलेली मुले आणि नंतर उत्तर आफ्रिकेतून इस्राएलमध्ये येणारी मुले तपासताना रूढ चाचण्या त्या मुलांना मंदबुद्धी ठरवत आहेत, हे त्यांनी पाहिले. त्यांनी पद्धतच बदलली: आधी तपासा, मग शिकवा, मग पुन्हा तपासा आणि मुलाला आज काय येते यापेक्षा शिकवल्यावर तो किती पुढे सरकतो हे मोजा. हिलियर्ड यांनी या गतिमान परीक्षणाचा अमेरिकेत हिरिरीने पुरस्कार केला. ज्याला केवळ आपलाच वंश आणि आपलेच ज्ञान हवे असते, तो माणूस जेरुसलेमच्या प्रयोगशाळेतून साधन उचलत नाही. त्यांचा दुसरा आग्रहही असाच होता. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या सरासरी गुणांतली 'दरी' मोजत बसण्याला त्यांचा विरोध होता, कारण त्या तुलनेत गोऱ्या मुलांची सरासरी हेच शिखर मानले जाते. दरी मोजायचीच असेल तर मुले आज जिथे आहेत आणि उत्तम शिक्षणाने जिथे पोहोचू शकतात त्या दोन बिंदूंमधली मोजा, असे ते म्हणत आणि गरीब वस्त्यांतील ज्या शाळांत मुले खरोखर वर गेली त्या शाळांकडे बोट दाखवत. अशी एक जरी शाळा असली तरी 'या मुलांना शिकता येत नाही' हे सार्वत्रिक विधान खोटे ठरते. अपवादाने नियम मोडण्याचे हे तर्कशास्त्र कोणत्या खंडाचे आहे?

आता दुबळी बाजू. १९८४ मध्ये हिलियर्ड यांनी काही सहकाऱ्यांसह अभिजात आफ्रिकी संस्कृतींच्या अभ्यासासाठी एक संघटना उभी केली, प्राचीन इजिप्तमधील प्ताहहोतेपच्या नीतिवचनांची आवृत्ती तयार करण्यात भाग घेतला आणि अनेक वर्षे अभ्यासदौरे काढून लोकांना नाईलच्या खोऱ्यात नेले. इजिप्त ही आफ्रिकेतील संस्कृती होती, युरोपच्या इतिहासलेखनाने तिला तिच्या खंडापासून तोडून दाखवले, ही त्यांची तक्रार योग्य होती. पण ऑरेगन राज्यातील पोर्टलंडच्या शाळांसाठी १९८० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली आफ्रिकी वारशावरील जे आधारनिबंध तयार झाले, त्यांतील विज्ञानविषयक निबंधात प्राचीन इजिप्शियन लोक ग्लायडरमधून उडत असत आणि अतींद्रिय शक्तींचे शास्त्र त्यांना अवगत होते, अशी विधाने आली. त्यावर सर्वांत नेमकी टीका केली ती बर्नार्ड ऑर्टिझ दे मोंतेयानो यांनी, आणि ते काही देशी ज्ञानाचे शत्रू नव्हते. अ‍ॅझटेक वैद्यकातील औषधी ज्ञान खरे होते हे ज्यांनी रसायनशास्त्राच्या आधारे दाखवून दिले, तेच हे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे, की ज्या मुलांना विज्ञानापासून दूर ठेवले गेले त्यांनाच विज्ञानाच्या नावाने खोटे शिकवणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे. मला हे म्हणणे निर्विवाद वाटते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा ज्यांना तो लाजिरवाणा वाटला त्यांनी पोर्टलंडच्या ग्लायडरबद्दलही तेच म्हटले पाहिजे; आणि ज्यांना पोर्टलंडचे ग्लायडर हास्यास्पद वाटतात त्यांनी मुंबईतल्या विमानांना टाळ्या वाजवू नयेत.

यावर एक प्रतिवाद येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. दडपलेल्या समाजाला उभे राहायला आधी पाठीचा कणा लागतो, आणि तो कणा प्रतिइतिहासातून येतो. जोतीराव फुले यांनी बळीराजाची कथा उलटून सांगितली, त्यातला प्रत्येक तपशील पुरातत्त्वाच्या कसोटीला उतरतो असे कोण म्हणेल? तरीही त्या मांडणीने महाराष्ट्राला जे दिले ते नाकारता येत नाही. याच फुल्यांनी १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. म्हणजे या दोन मुक्तिपरंपरांचा धागा मी जोडतो आहे असे नाही, तो तेव्हाच जोडलेला आहे. परंतु फुले बळीची कथा सांगून थांबले नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, आणि शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये निवेदन दिले तेव्हा त्यात बळीराजा नव्हता. शेतकऱ्याच्या करातून उभा राहणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर कसा खर्च होतो याचा हिशेब होता. माणसाला ताठ उभे करण्यासाठी सांगितलेली कथा आणि आयोगापुढे मांडलेला पुरावा यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. लॅरी पी. खटल्यातील हिलियर्ड यांनाही ते ठाऊक होते. पोर्टलंडमध्ये ती सीमारेषा पुसली गेली.

आणखी एक आक्षेप आफ्रिकेतूनच आला आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ वेड नोबल्स यांनी १९७२ मध्ये आफ्रिकी तत्त्वज्ञान हाच कृष्णवर्णीय मानसशास्त्राचा पाया असल्याचे मांडले; व्यक्तीचे 'मी' हे समाजाच्या 'आम्ही'तून येते, हे त्याचे सूत्र. त्याच दशकात बेनिनचे तत्त्वज्ञ पोलाँ हुंतोंजी विचारत होते, की एवढ्या मोठ्या खंडातील शेकडो समाजांचे एकच, एकमुखी तत्त्वज्ञान आहे ही कल्पना कोणी रचली? आफ्रिकेत मतभेद नव्हते, वाद घालणाऱ्या व्यक्ती नव्हत्या असे म्हणणे हा आफ्रिकेचा गौरव आहे की अपमान? हा आक्षेप मला बव्हंशी पटतो. तरी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांबाबत एक गोष्ट वेगळी आहे: गुलामांच्या जहाजांनी योरुबा, अकान, कोंगो आणि इतर अनेकांना एकाच तळघरात कोंबले, त्यांच्या भाषा तोडल्या आणि त्यातून एक नवाच समाज घडला. त्या समाजाने स्वतःला 'आफ्रिकी' म्हणणे हे खंडाविषयीचे विधान कमी आणि त्या घडणीविषयीचे विधान अधिक आहे, जसे 'दलित' या शब्दाने शेकडो जातींतील भेद मिटत नाहीत, पण एक सामायिक अनुभव नोंदला जातो. अनुभवाचे नाव म्हणून हा शब्द टिकतो. मनाची जन्मजात ठेवण म्हणून तो वापरला, किंवा कातडीतील मेलॅनिन या रंगद्रव्याला बुद्धीशी जोडण्यापर्यंत काहींनी मजल मारली, की तो कार्टराइटच्याच वाटेवर जातो.

समाजाच्या उपचाराचा मुद्दा यातच येतो, आणि तिथे आफ्रिका खंडातील काम मला अधिक शिकवते. नायजेरियातील अबेओकुटा येथे मनोविकारतज्ज्ञ थॉमस अडेओये लांबो यांनी १९५० च्या दशकात आरो रुग्णालयाच्या आसपासच्या गावांत रुग्णांना नातेवाइकांसह ठेवले, पारंपरिक वैदूंनाही उपचारात सामील करून घेतले, आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाबरोबर तिथल्या मानसिक आजारांचे रीतसर सर्वेक्षणही केले. झिंबाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेतील दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर प्रशिक्षित आज्या बसवल्या. त्या 'नैराश्य' हा शब्द न वापरता शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, या शब्दाने बोलतात. २०१६ मध्ये या उपक्रमाची यादृच्छिक चाचणी, म्हणजे उपचार कोणत्या गटाला मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना, प्रसिद्ध झाली. २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवर ती घेतली होती आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ज्या प्रश्नावलीने ती लक्षणे मोजली ती १९९० च्या दशकात हरारेत शोना लोकांच्याच शब्दांतून घडवणाऱ्या संशोधकांत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल होते. त्यांच्याच सहभागाने गोव्यात १९९६ मध्ये 'संगाथ' ही संस्था उभी राहिली आणि गोव्याच्या आरोग्यकेंद्रांत डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांवर आधारलेला तसाच प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शब्द शोनांचे, आज्या हरारेच्या, आणि कसोटी अशी, की तिच्यात हे सगळे नापासही होऊ शकले असते. 'भारतीय मानसशास्त्रा'चे जे समर्थक आफ्रिकेचा दाखला देतात त्यांना मी विचारतो: तुमच्या पद्धतीची अशी कोणती परीक्षा तुम्ही घेतली आहे, जिच्यात ती नापास होऊ शकत होती?

ऑगस्ट २००७ मध्ये हिलियर्ड यांचा कैरोत मृत्यू झाला. अभ्यासदौऱ्यासाठी ते इजिप्तमध्ये गेले होते आणि मलेरियाने गुंतागुंत होऊन ते गेले. त्यांच्या इजिप्तविषयक दाव्यांशी मी सहमत नाही हे वर सांगितलेच आहे. पण विद्यार्थी असताना मला एका आश्रमशाळेत चाचणी घेण्यासाठी पाठवले होते, तेव्हा त्यांचे म्हणणे वाचलेले असते तर बरे झाले असते. समोरचा मुलगा नऊ वर्षांचा होता. चित्रातले काय हरवले आहे हे तो सांगू शकला नाही, कारण चित्रातली वस्तूच त्याने कधी पाहिली नव्हती. शब्दार्थाच्या प्रश्नांना तो गप्प राहिला, कारण ते शब्द त्याच्या घरचे नव्हते. चाचणी संपल्यावर त्याने मला शाळेमागच्या ओढ्यावर नेले आणि पाण्याचा रंग पाहून वर डोंगरात पाऊस झाला आहे की नाही हे कसे ओळखायचे ते त्याच्या भाषेत, हातवारे करत, सविस्तर समजावले. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. मी गुणांची बेरीज केली, मागे आकडा लिहिला, सही केली आणि कागद कार्यालयात दिला. उद्यापासून या मुलाला काय आणि कसे शिकवायचे, हे मला तिथे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.